मॅकवर चालतं, लिनक्सवर अडतं, विंडोजवर पडतं: वाचनालयाच्या पायथन पॅकेजचं काय करू?

वर्तकनगरवाला (रविवार, रात्री ११.४०)

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे लिहितोय.

ठाण्यातल्या एका छोट्या वाचनालयाला बाराशे सभासदांच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापाव्या लागतात. वर्गणीची आठवण, दिवाळी अंकांची यादी, असं काहीबाही टपालानं जातं. त्यासाठी फावल्या वेळात एक पायथन पॅकेज लिहिलं. सीएसव्ही यादी द्यायची, एचटीएमएल पान मिळतं, ब्राउझरमधून प्रिंट मारायचं. शनिवारी ०.४.० आवृत्ती पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारात) चढवली आणि तेव्हापासून फोन वाजतोय.

माझ्या मॅकवर सगळं झकास. ऐरोलीच्या एका मित्राच्या उबुंटूवर बसतं, पण चालवलं की ‘फाइल सापडत नाही’. वाचनालयाच्या विंडोज १० वर तर आधी बसतच नव्हतं. यादी वाचायला घेतलेलं पांडाज पॅकेज बसवताना ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४ किंवा पुढचं लागेल’ म्हणून पिप (पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) हटून बसला. पाहिलं तर तिथे ३२-बिट पायथन होता. तो काढून ६४-बिट टाकला, मग बसलं. आता यादी वाचतानाच कोसळतं.

कोडमध्ये मशीन बघून वेगळं वागणारी एकही ओळ नाही. व्हीलच्या (पॅकेजच्या तयार गठ्ठ्याच्या) नावात ‘पाय३-नन-एनी’ आहे, म्हणजे कुठेही चालायला हवं ना? गिटहबवर तिन्ही मशीनांवरच्या चाचण्या हिरव्यागार आहेत. वैताग त्याचाच आहे.

बिनसाखरेचा चहा (रविवार, रात्री ११.५२)

अँटिव्हायरस बंद करून बघितला का?

घोडबंदरचा जॅम (सोमवार, सकाळी ७.१०)

फॉन्ट. मराठी आणि विंडोज म्हटलं की पहिला संशय फॉन्टवर.

ऐरोली सेक्टर ८ (सोमवार, सकाळी ८.३५, ट्रान्सहार्बरमधून)

तो उबुंटूवाला मित्र मीच. माझ्याकडचं कोडं सुटलं, दिघा गाव यायच्या आत.

व्हील म्हणजे नुसती झिप फाइल असते. उघडून यादी काढली तर आत पायथनच्या फाइली आहेत आणि चिठ्ठीचं एचटीएमएल टेम्प्लेट नाहीच! दादा, तू ते पॅकेजच्या फोल्डरात ठेवलंस, पण सेटअपटूल्सला (व्हील बांधणाऱ्या साधनाला) सांगितलं नाहीस. पायथनच्या नसलेल्या फाइली सांगितल्याशिवाय तो हमखास उचलेल असं धरून चालू नकोस. पायप्रोजेक्ट टॉमल फाइलमध्ये पॅकेज-डेटाखाली नमूद कर. आणि कोडमध्ये टेम्प्लेटचा रस्ता ‘चालू फोल्डर’ धरून शोधलायस, तो इम्पोर्टलिब रिसोर्सेसमधून घे.

तुझ्या मॅकवर चालतं, कारण तिथे तू एडिटेबल पद्धतीनं बसवलंयस, म्हणजे पायथन थेट तुझ्या कामाच्या फोल्डरातूनच वाचतो. गिटहबच्या चाचण्याही त्याच पद्धतीनं चालतात. तू लोकांना जे व्हील देतोस ते तू स्वतः कधी चालवलंच नाहीस.

वर्तकनगरवाला (सोमवार, सकाळी ९.०५)

आई गं. बरोबर आहे. पण मग विंडोजवर हीच चूक का दिसली नाही? तिथे चूक वेगळीच येते.

ऐरोली सेक्टर ८ (सोमवार, सकाळी ९.१२)

तुझा कोड आधी यादी वाचतो, मग टेम्प्लेट उघडतो. विंडोजवर यादीतच जीव जातोय, टेम्प्लेटपर्यंत पोचतोच कुठे. यादी दुरुस्त झाली की तिथेही हीच चूक दिसेल.

जुना पंचकार्डवाला (सोमवार, दुपारी १.२०)

निवृत्त माणूस आहे, जेवून बसलोय, म्हणून विचारतो. ‘कोसळतं’ म्हणजे काय होतं? पडद्यावरची शेवटची ओळ जशीच्या तशी सांगा. रोगी ‘बरं नाही’ म्हणतो, डॉक्टर त्यावर औषध देत नाही.

टेबलावरची (सोमवार, दुपारी ४.४५)

नमस्कार, वाचनालयाच्या टेबलावर मीच बसते. दादांनी इथे खातं काढायला लावलं. शेवटची ओळ इंग्रजीत आहे, ती अशी: युनिकोड डिकोड एरर, ‘चारमॅप’ कोडेकला २६ व्या जागचा ८१ हा बाइट वाचता येत नाही, अक्षर अनडिफाइन्ड. ८१ च्या आधी शून्य आणि एक्स आहे.

यादी गूगल शीट्समधून सीएसव्ही करून उतरवलेली आहे. पहिल्या ओळीत ‘नाव’ आणि ‘गाव’, मधे स्वल्पविराम. खाली सभासद.

जुना पंचकार्डवाला (सोमवार, सायंकाळी ५.३०)

ताई, शाबास. अशी नोंद ऑफिसातल्या पोरांनी कधी दिली नाही.

एक सांगा. तुमच्या यादीतल्या पहिल्या सभासदाच्या नावाच्या पहिल्या अक्षराला ऱ्हस्व उकार आहे का? सु, कु, मु, असं काहीतरी?

टेबलावरची (सोमवार, सायंकाळी ५.४१)

अय्या, हो! कुलकर्णी आजी पहिल्या आहेत, सर्वात जुन्या सभासद. तुम्हाला कसं कळलं? मी यादी इथे टाकलेली नाही.

वर्तकनगरवाला (सोमवार, सायंकाळी ५.४४)

काका, हे काय गारूड आहे?

जुना पंचकार्डवाला (सोमवार, सायंकाळी ६.५०)

गारूड नाही, मोजणी आहे.

यूटीएफ-८ म्हणजे अक्षरांचे बाइट करायची एक पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. चिन्ह म्हणजे मूळ अक्षरही आणि काना-मात्राही. ‘नाव’ म्हणजे न, काना, व, अशी तीन चिन्हं, ९ बाइट. स्वल्पविरामाचा १. ‘गाव’चे ९. झाले १९. गूगल शीट्स ओळ संपताना २ बाइट टाकतं, झाले २१. पायथन शून्यापासून मोजतो, म्हणजे पहिल्या सभासदाचं नाव २१ व्या जागी सुरू होतं. पहिलं अक्षर २१, २२, २३. त्यानंतरचं चिन्ह २४, २५, २६. अडलंय २६ वर, आणि तिथे ८१ आहे. देवनागरीत ज्या चिन्हाचा शेवटचा बाइट ८१ आहे अशी दोनच चिन्हं: ऱ्हस्व उकार आणि चंद्रबिंदू. मराठी नावात चंद्रबिंदू कोण घालतो? म्हणून उकार.

आता मूळ दुखणं. कोडमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे बाइटांची अक्षरं कोणत्या तक्त्यानं करायची ते, सांगितलेलं नाही. न सांगितलं तर पायथन मशीनला विचारतो. मॅक आणि लिनक्स म्हणतात यूटीएफ-८. आपल्याकडचं विंडोज, इंग्रजी (भारत) ठेवलेलं, म्हणतं सीपी-१२५२, म्हणजे पश्चिम युरोपच्या अक्षरांचा तक्ता. त्या तक्त्यात २५६ घरं आहेत आणि पायथनच्या लेखी त्यातली पाच रिकामी (आकडे षोडशमान पद्धतीतले): ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. त्यातलं एखादं आलं की कोसळलं.

या पाच घरांवर आपली कोण मंडळी येतात ते बघा. ८१ वर उकार. ८डी वर हलन्त, म्हणजे झाडून सगळी जोडाक्षरं. ८एफ वर ए. ९० वर ऐ. ९डी वर झ.

ऐरोली सेक्टर ८ (सोमवार, सायंकाळी ७.२५)

थांबा थांबा, स्टेशनांच्या नावांवर करून बघितलं. सीपी-१२५२ मध्ये:

न अडखळता वाचली जातात: ठाणे, कळवा, दिवा, दिघा गाव, घणसोली, वाशी, पनवेल, डोंबिवली.

पडतात: मुंब्रा, मुलुंड, कल्याण, तुर्भे, जुईनगर. ऐरोलीसुद्धा पडते, पहिल्याच अक्षराला. मनाला लागलं.

घोडबंदरचा जॅम (सोमवार, सायंकाळी ७.४०)

म्हणजे ठाणे चालतं आणि मुंबई पडते. हे मी वर्षानुवर्षं सांगतोय.

वर्तकनगरवाला (सोमवार, रात्री ८.१५)

हसून झालं असेल तर माझी लाज ऐका. चाचण्यांसाठी ठेवलेली माझी यादी: पाटील ठाणे, मोरे कळवा, जाधव दिवा, पवार वाशी. एकही उकार नाही, एकही जोडाक्षर नाही. सोपी नावं घेऊ म्हटलं होतं.

पण एक कळत नाही. न पडता वाचलं तरी चुकीचंच वाचलं ना? मग पानावर कचरा दिसायला हवा होता. महिन्यापूर्वी पेन ड्राइव्हवर सगळं फोल्डर नेऊन त्याच विंडोजवर १५ जणांची यादी छापली होती, ‘ठाणे’ स्वच्छ उमटलं.

जुना पंचकार्डवाला (सोमवार, रात्री ९.००)

कारण तुम्ही लिहितानाही एन्कोडिंग सांगितलं नाहीत. वाचताना ‘ठाणे’चे १२ बाइट १२ युरोपी अक्षरं झाली. लिहिताना तीच १२ अक्षरं त्याच तक्त्यानं परत तेच १२ बाइट झाली. एचटीएमएलच्या माथ्यावर यूटीएफ-८ लिहिलंय, ब्राउझरनं नीट दाखवलं. जाताना चुकलेला माणूस येताना तितकाच उलटा चुकला आणि घरी पोचला. तुमची चाचणीही शेवटची फाइल ताडून पाहते, मधे पोटात काय होतं ते पाहत नाही. हिरवी दिसणारच.

तुमच्या टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर नसावा असा माझा कयास. असता तर तेव्हाच उघड झालं असतं.

वर्तकनगरवाला (सोमवार, रात्री ९.०८)

एकही मराठी अक्षर नाही. नुसत्या चौकटी.

टेबलावरची (मंगळवार, सकाळी ११.१५)

दादा, एक विचारू? त्या १५ जणांच्या वेळी शेठ आडनावाच्या एका सभासदाच्या चिठ्ठीवर ‘शे’ आणि पुढे चौकटीत प्रश्नचिन्ह आलं होतं. मी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात फॉन्ट असेल. मी पेनानं ठ काढला होता. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

वर्तकनगरवाला (मंगळवार, सकाळी ११.३०)

फॉन्ट म्हणालो होतो खरा. पण ठ रिकाम्या घरात येत नाही. ‘ठाणे’ तर नीट उमटलं. हे कसं?

ऐरोली सेक्टर ८ (मंगळवार, दुपारी २.०५)

ताई, तुम्ही माझ्या कॉलेजात शिकवायला या.

ठ चा शेवटचा बाइट आहे ए०. सीपी-१२५२ मध्ये ए० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, नॉन-ब्रेकिंग स्पेस. दादाच्या कोडमध्ये प्रत्येक रकान्याला स्ट्रिप लावलंय, म्हणजे कडेची मोकळी जागा छाट. पायथनची स्ट्रिप ही जागाही मोकळीच धरते. ‘शेठ’च्या शेवटी ठ, त्याच्या शेवटी ए०, तो छाटला गेला. तीन बाइटांचे उरले दोन, आणि ब्राउझरनं प्रश्नचिन्ह काढलं. ‘ठाणे’त ठ सुरुवातीला आहे आणि त्याचा ए० शब्दाच्या पोटात, म्हणून वाचला.

स्ट्रिपऐवजी स्प्लिट करून शब्द तोडले असते तर खुद्द ठाण्याचे दोन तुकडे झाले असते. आत्ताच करून बघितलं. होतात.

जुना पंचकार्डवाला (मंगळवार, दुपारी २.४०)

वा! हे मला सुचलं नसतं. तीस वर्षांत पोटातल्या पोटात बरोबर निघालेल्या चुका पुष्कळ पाहिल्या, पण एका ठ नं पकडून दिलेली ही पहिलीच.

बिनसाखरेचा चहा (मंगळवार, दुपारी ३.१०)

एवढं कशाला? त्या मशीनवर पायथन-यूटीएफ-८ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (मशीनवरची सेटिंग) १ करून ठेवा. ३.७ पासून आहे. कोडला हात लावायला नको, पाच मिनिटांत घरी.

ऐरोली सेक्टर ८ (मंगळवार, दुपारी ३.२२)

आज त्या टेबलापुरतं चालेल. पण पॅकेज पायपीआयवर आहे. उद्या दुसऱ्या वाचनालयानं उतरवलं तर त्यांना कोण सांगणार? घरातली गळती थांबवायची सोडून पाहुण्याला छत्री देण्यातला प्रकार.

बिनसाखरेचा चहा (मंगळवार, दुपारी ३.२५)

छत्रीनं आज तरी कोरडं राहता येतं. असो.

जुना पंचकार्डवाला (मंगळवार, दुपारी ४.००)

दोघंही बरोबर. ताईंचं काम आज अडलंय, त्यांना व्हेरिएबल लावून द्या. कोडमध्ये मात्र प्रत्येक ओपनला यूटीएफ-८ लिहा. कुठे राहिलं ते डोळ्यांनी शोधू नका. ३.१० पासून पायथनला ‘वॉर्न डिफॉल्ट एन्कोडिंग’चा पर्याय देऊन चालवलं की न सांगितलेल्या प्रत्येक ठिकाणी तो इशारा देतो. ३.१५ पासून यूटीएफ-८ च मूळ धरायचं हे पेप ६८६ नं (पायथनमधल्या बदलाच्या प्रस्तावानं) ठरवलंय, पण जुने पायथन लोकांच्या मशीनवर राहणारच.

आणि बाराशे ओळींची यादी वाचायला पांडाज कशाला हो? सीएसव्ही मॉड्यूल पायथनसोबत येतो. पांडाज नसता तर ३२-बिटाची रड आलीच नसती. तुमचं व्हील ‘एनी’ आहे, पण त्याच्या पाठीवर बसून आलेलं पांडाज ‘एनी’ नाही, त्यात सी आहे. त्याला विंडोज ३२-बिट, ६४-बिट, इंटेल मॅक, एम१ मॅक, दर ठिकाणी वेगळं व्हील लागतं. जुळणारं सापडलं नाही की पिप सोर्स उचलतो आणि कंपायलर मागतो.

वर्तकनगरवाला (मंगळवार, रात्री १०.३०)

पांडाज काढला. एका ओळीसाठी घेतला होता. ओपन नऊ ठिकाणी होतं, त्यातली तीन मला माहीतच नव्हती. टेम्प्लेट व्हीलमध्ये घातलं. आता चाचण्या व्हील बांधून, ते रिकाम्या व्हेन्व्हमध्ये (वेगळ्या, कोऱ्या पायथनमध्ये) बसवून, दुसऱ्याच फोल्डरातून चालतात.

एक मूर्खपणा केलाच. ०.४.० पायपीआयवरून पुसून टाकली आणि दुरुस्त व्हील त्याच नावानं चढवायला गेलो. घेत नाही. एकदा वापरलेलं फाइलचं नाव पुसल्यावरही परत मिळत नाही. पुसायला नकोच होतं, यँक करायचं होतं. मग नवीन कोणाला ती मिळाली नसती आणि ज्यांनी नेमका तोच आकडा पकडून ठेवलाय त्यांचं अडलंही नसतं. असो, ०.४.१ चढवली.

ऐरोली सेक्टर ८ (बुधवार, सकाळी ८.४०)

टेम्प्लेट सापडतं. लोगो सापडत नाही. फाइलीच्या नावात पीएनजी कॅपिटल, कोडमध्ये स्मॉल. तुझ्या मॅकला फरक पडत नाही, विंडोजलाही नाही, लिनक्सला पडतो.

वर्तकनगरवाला (बुधवार, सकाळी ९.००)

केलं. दुपारी ०.४.२.

टेबलावरची (बुधवार, सायंकाळी ६.१०)

०.४.२ बसली. यादी वाचली! कुलकर्णी आजी पास. पण मग दुसरीच चूक: ‘एशिया/कोलकाता या नावाचा टाइम झोन सापडला नाही’. चिठ्ठीवर आजची तारीख येते तिथे.

मधे यादीत दोन नवीन सभासद घालायचे होते म्हणून एक्सेलमध्ये उघडून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ करून ठेवली, त्या यादीला मात्र ‘नाव’ हा रकानाच नाही म्हणतंय. समोर दिसतोय की हो.

जुना पंचकार्डवाला (बुधवार, सायंकाळी ६.४५)

दुसरं आधी. एक्सेल त्या पद्धतीनं ठेवताना फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटांची न दिसणारी खूण टाकतं, बॉम म्हणतात तिला. ती ‘नाव’ला चिकटते. वाचताना यूटीएफ-८-सिग म्हणा. खूण असेल तर काढतो, नसेल तर गप्प.

पहिलं: झोनइन्फो ३.९ पासून पायथनमध्ये आहे, पण झोनांची माहिती तो मशीनकडून घेतो. विंडोजकडे ती त्या रूपात नसते. टीझेडडेटा पॅकेज अवलंबनात घाला, अट लावून, फक्त विंडोजसाठी.

बिनसाखरेचा चहा (बुधवार, सायंकाळी ७.००)

किंवा सरळ साडेपाच तास मिळवा. आपल्याकडे घड्याळ कुठे मागेपुढे होतं? एक पॅकेज कमी.

जुना पंचकार्डवाला (बुधवार, सायंकाळी ७.२०)

होत होतं. महायुद्धात, १९४२ ते ४५, तासभर पुढे होतं. आणि त्याआधीपासून मुंबईची स्वतःची वेळ वेगळीच, ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं, ती १९५५ पर्यंत चालली.

पण आजची तारीख छापायला तुमचं बरोबर आहे. साडेपाच मिळवा.

बिनसाखरेचा चहा (बुधवार, सायंकाळी ७.२२)

या क्षणाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

वर्तकनगरवाला (गुरुवार, रात्री १२.१०)

०.४.३ चढवली. चाचणीची यादी बदलली. आता त्यात कुलकर्णी मुंब्रा, शेठ ऐरोली, झेंडे कल्याण, एकबोटे तुर्भे असे लोक राहतात. एक यादी बॉमसकट, एक बॉमशिवाय. जुन्या कोडवर मुद्दाम चालवून पाहिली, विंडोजवर लालभडक. नव्यावर तिन्हीकडे हिरवी. वाचलेला मजकूर पोटातही ताडून पाहतो आता: ‘ठाणे’ची लांबी ४ यायला हवी, १२ नाही.

टेबलावरची (गुरुवार, दुपारी १२.५०)

छापल्या. सगळ्या बाराशे. शेठांचा ठ आला. व्हेरिएबल काढून टाकूनही एकदा चालवलं, चाललं.

फक्त तिसऱ्या रांगेपासून चिठ्ठ्या थोड्या खाली सरकतात आणि गावाचं नाव कापाच्या रेषेवर येतं. दादा, हे तरी फॉन्ट आहे का?

वर्तकनगरवाला (गुरुवार, दुपारी १.०५)

ताई, ते प्रिंटरचं मार्जिन. शनिवारी सकाळी येतो. काका, सेक्टर ८, तुम्हीही या, मामलेदारची मिसळ माझ्याकडून.

बिनसाखरेचा चहा (गुरुवार, दुपारी १.०६)

साडेपाच तास कोणी सांगितले होते?